दस्त्याची दुसरी बाजू

मित्रांनो, माझ्यात जीव नाही, आणि ही हकिकत सांगायला ते बरंच आहे. मी जुनी दुनळी बंदूक. लोखंडाच्या दोन नळ्या, त्यांच्या टोकाशी पितळेचा एक बारीक मणी आणि मागं अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, एवढीच मी. उन्हात मी तापते, पण मला चटका बसत नाही. ज्या घरात मी राहते तिथली माणसंही मधल्या काळात अशीच होऊन बसली होती.

माझा दस्ता घडवणाऱ्या कारागिरानं तो किंचित उजवीकडं वळवून ठेवला. बहुतेक माणसं बंदूक उजव्या खांद्याला लावतात. असा वळवलेला दस्ता असला की त्यांचा गाल अलगद टेकतो आणि उजवा डोळा नळ्यांच्या बरोबर मध्यावर येतो. डाव्या खांद्याचा विचार त्यानं केला नाही. कुणीच करत नाही.

परभणीहून पोखर्णीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात किशनरावांनी मला आणलं. ज्वारीत रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप शिरायचे, रानडुकरं भुईमूग उकरायची. किशनरावांनी जनावर कधी मारलं नाही. आभाळाकडं नळी करून बार काढायचे, कळप पळायचा. पुढं त्यांचा मुलगा भागवत मोठा झाला, परवाना त्याच्या नावावर झाला, आणि माझं काम बदललं.

जिंतूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, काही हौशी मंडळींनी रीतसर परवानगी काढून नेमबाजीचं मैदान केलं होतं. तिथं खड्ड्यात एक यंत्र असायचं. नेमबाजानं आवाज दिला की यंत्र बशीएवढी नारंगी चकती हवेत भिरकावायचं. ती खाली यायच्या आत उडवायची. या चकत्यांना सगळे 'क्ले' म्हणायचे. भागवतचा हात असा होता की क्ले फुटली की फुटलीच, नुसता धूर राहायचा. दर रविवारी त्याचा गाल माझ्या दस्त्यावर टेकायचा. टेकून टेकून डाव्या अंगाला एक जागा गुळगुळीत झाली, काचेसारखी. पाहणारे म्हणायचे, "बंदूक लय गुणाची हाय." गुण त्याचा होता.

राजेश्री ही त्याची धाकटी बहीण. कॉलेजात असताना तीही यायची. भागवत तिला मारायला द्यायचा आणि तिची एकही क्ले फुटायची नाही. "राजे, ते डोळे हायेत का शर्टाची बटनं?" तो हसायचा. सगळे हसायचे. तीही हसायची. मग तिनं यायचं सोडलं. पुढं ती एसटीत कंडक्टर झाली.

कापूस वेचणीच्या दिवसांत, विहिरीवरची मोटार चालू करायला गेलेल्या भागवतला करंट लागला. तो परत आला नाही.

त्यानंतरचं त्या घराचं मला फार सांगता येणार नाही, कारण सांगण्यासारखं काही होत नव्हतं. पार्वतीबाई स्वयंपाक करायच्या, किशनराव जेवायचे, ताट उचललं जायचं. राजेश्री तेराव्यानंतर लगेच कामावर गेली. ती रडली नाही. किशनरावांनी मला ठाण्यात जमा केलं. तिथं आणखी बंदुका होत्या, धूळ होती. माझ्या उजव्या नळीवर गंज चढला.

पुष्कळ खेटे घालून राजेश्रीनं परवाना आपल्या नावावर करून घेतला आणि मला घरी आणलं.

"कामून आणलीस?" किशनरावांनी विचारलं.

"तिथं गंजायली होती."

"इथं कोन चालवनार हाय?"

रविवारी ती मला घेऊन मैदानावर गेली.

मैदानाची देखरेख आणि शिकवणं सिद्धोधनकाका करत. फौजेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. भागवतला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं, दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगितलं. तिनं आवाज दिला, क्ले उडाली, मी वाजले, आणि क्ले सुखरूप जाऊन गवतात पडली. पुढचीही पडली. त्या रविवारी अन् त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

"हलायलीस तू," काका म्हणायचे. "मान उचलायलीस. घाई करायलीस." सगळं सांगून झालं. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, तुला राग बी येत न्हाई, वाईट बी वाटत न्हाई. मग येतीस कशाला?"

राजेश्रीनं रिकामी काडतुसं काढली. "बार झाला की जरा वेळ काईच ऐकू येत न्हाई, काका. तेवढ्यासाठी येते."

मित्रांनो, चूक कुठं होती ते मला ठाऊक होतं. तिचा उजवा गाल माझ्यावर असायचा, पण माझ्या टोकावरचा मणी क्लेला भिडवायचा तो तिचा डावा डोळा. तो पलीकडून तिरका बघायचा, आणि त्याला जे सरळ दिसायचं ते मला सरळ नसायचं. माझं तोंड दरवेळी क्लेच्या डावीकडं. पण बंदुकीला फक्त एकच आवाज काढता येतो.

घरी किशनराव म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. न्हाई जमलं तर परत जमा करायची. भागवतची बंदूक हाय, लोकांनी हसाया न्हाई पायजे."

"बरं," ती म्हणाली.

एका रविवारी काकांनी मला बाकावर ठेवायला लावलं. ते तिच्या समोर जाऊन उभे राहिले. "दोन्ही डोळे उघडे ठेव आन् माझ्या नाकाकडं बोट दाखव. पटकन."

तिनं उजव्या हाताचं बोट रोखलं. काका बघत राहिले. "हात खाली घे. पुन्हा." तिनं पुन्हा तसंच केलं. काकांना समोरून तिचं बोट उजव्या डोळ्याखाली दिसायला हवं होतं. ते दरवेळी डाव्या डोळ्याखाली येत होतं.

"अरे देवा," ते म्हणाले. "तू उजव्या हाताची, पन तुझा मालक डोळा डावा हाय. नेम तोच धरायलाय. लय जनांचं असतं असं. म्या हे पैल्याच दिवशी बघाया पायजे होतं."

"म्हंजे माझे डोळे खराब न्हाईत?"

"चांगले हायेत. खांदा चुकीचा हाय."

राजेश्री बाकावर बसली. कितीतरी महिन्यांत प्रथमच तिचा चेहरा हलला. तो राग होता. "दादा हसायचा," ती म्हणाली. "म्या बी खरंच धरलं, की मला दिसतच न्हाई. आता त्याला कुठं जाऊन सांगू?"

काकांनी उपाय सांगितले. आधी डावा डोळा मिटून बघितलं, पण मग क्ले उशिरा दिसायची आणि किती लांब आहे ते कळायचं नाही. मग काकांनी मैदानावर घालायच्या तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, डाव्या डोळ्याला मणी दिसू नये एवढाच. त्यानं एक क्ले खरंच फुटली. काका खूश झाले. तिनं चष्मा काढून हातात घेतला.

"फुटली की. मग?" काकांनी विचारलं.

"अर्धंच दिसतं ह्याच्यातून. मला आधीच समदं अर्धंच दिसायलंय, काका."

राहिला तिसरा मार्ग, सगळ्यांत अवघड. खांदाच बदलायचा.

ती पुन्हा लहान मूल झाली. डाव्या बोटाला चाप सापडेना, पाय उलटे पडायचे. मग तिनं गाडीतही डावा हात चालवायला घेतला. तिकिटाचं मशीन डाव्या हातानं, घंटीची दोरी डाव्या हातानं. परभणी-जिंतूर गाडीतले नेहमीचे प्रवासी वैतागायचे. "ताई, आज लय हळू चाललंय तुमचं!"

आणि माझा दस्ता. तो उजवीकडं वळलेला. तिच्या डाव्या गालाला तो प्रत्येक बाराला मुठीसारखा लागायचा. गाल सुजला, काळानिळा झाला. गाडीत एका म्हातारीनं हळूच विचारलं, "नवरा मारतो का गं, लेकी?"

"नवराच न्हाई, मावशी."

काका म्हणाले, दस्ता उजव्या अंगानं तासून घ्यावा लागेल, त्याशिवाय गाल टेकणार नाही. राजेश्रीनं घरी विषय काढला. किशनराव जेवता जेवता थांबले.

"दस्त्याला हात लावायचा न्हाई. तिथं त्याचा गाल हाय."

रुमालाची घडी गालाला लावून ती मारत राहिली. रुमालानं फारसं काही होत नव्हतं.

एका सकाळी पार्वतीबाई तिच्या गालाला हळद लावत होत्या. किशनराव दारात उभे होते. पार्वतीबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "एक तर गेला. हिचं तोंड तरी बघा की."

किशनराव आत आले. मुलीच्या समोर बसले आणि त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, भागवत गेल्यापासून त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. मग म्हणाले, "बंदुकीची पिशवी घे. चल."

नांदेडला बंदुका दुरुस्त करणारा एक परवानाधारक कारागीर होता. किशनरावांनी दस्त्याची डावी बाजू आपल्या तळहातानं झाकली. "हिकडं रंधा लावायचा न्हाई. पलीकडून काय काढायचं ते काढा." कारागीर तासत होता तोवर त्यांनी हात काढला नाही. माझ्या अंगाच्या पातळ साली खाली पडत होत्या. मला काही वाटलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी किशनरावही मैदानावर आले. भागवत होता तेव्हा ते कधी आले नव्हते. ते मागं, काकांच्या शेजारी उभे राहिले. राजेश्रीनं मला डाव्या खांद्याला लावलं. तासलेल्या लाकडावर तिचा गाल टेकला, दुखरा, पण नीट. दोन्ही डोळे उघडे होते. तिनं आवाज दिला.

क्ले उजवीकडं सुटली. माझं तोंड तिच्यामागं गेलं, जरा पुढं झालं, आणि मी वाजले. हवेत काळा धूर राहिला.

राजेश्री गर्रकन मान वळवून मागं बघू लागली. तोंड उघडं होतं, काहीतरी सांगायला आलं होतं. पण ज्याला सांगायचं तो तिथं नव्हता, आणि तोंड तसंच राहिलं.

"बघितलं म्या," किशनराव म्हणाले. मग, हळू, "बघितलं, बाई."

शिकवल्याप्रमाणं तिनं आधी मला उघडलं, काडतुसं काढली, मला बाकावर आडवं ठेवलं. मग ती खाली मातीत बसली आणि रडली. किशनरावही तिच्याजवळ बसले. काका यंत्राकडं निघून गेले. बराच वेळ कुणी क्ले उडवली नाही.

मित्रांनो, तिच्या अजूनही पुष्कळ क्ले चुकतात. माझं म्हणाल तर मला कोरडं फडकं आणि थोडं तेल पुरतं. तेवढं झालं की मी वर्षानुवर्षं टिकते. माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. तुमच्या घरात, वर्गात कुणाचा नेम सारखा चुकत असेल, तर 'नीट बघ' म्हणण्याआधी त्याच्या समोर जा आणि तो कोणत्या डोळ्यानं बघतो आहे ते बघा. शेजारी उभं राहून ते दिसत नाही.