खोकला पिणारी देवी

"आई खोकला पिते! बघा आईचं तोंड!"

भिवा महाराजांनी आरोळी ठोकली की ठाण्याच्या मोटार स्टँडसमोरच्या देवळीपुढची गर्दी टाचा उंचावायची. देवळीत संगमरवराची हातभर मूर्ती होती. सकाळी दुधासारखी पांढरी असायची. संध्याकाळी महाराज ओल्या पंच्यानं तिचा चेहरा पुसत आणि पंचा उलगडून दाखवत. काळाकुट्ट!

"दिवसभरात तुमच्या छातीतला मळ आईनं अंगावर घेतला!"

बायका हात जोडायच्या. पुरुषही जोडायचे, फक्त जरा मागं उभं राहून. एकोणीसशे पन्नासनंतरचे ते दिवस. शहरात लॉऱ्या वाढल्या होत्या, खोकला वाढला होता आणि महाराजही आले होते.

नियम कडक होते. रोग्यानं दिवसभर आईसमोर बसायचं आणि औषध बंद करायचं. "डॉक्टरच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, हलवून घ्या. आमची आई हलवावी लागत नाही!"

नौपाड्याच्या सरोजनं आपल्या चित्राला तिथं बसवायला सुरुवात केली. पोरगी दम्यानं बेजार होती. सरोजची नणंद सुमती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. एका संध्याकाळी चित्रा घरी आली ती ओठ निळे पडलेली. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"वहिनी, हिला खरंच बरं वाटतंय?"

"वन्सं, महाराज म्हणतात, मळ सुटताना आधी त्रास वाढतो."

"आणि रविवारी पाहुणे आले म्हणून ही घरीच राहिली, तेव्हा?"

सरोज लेकीची पाठ चोळू लागली. रविवारी चित्रा अंगणात सागरगोटे खेळली होती.

दुसऱ्या दिवशी सुमती रजा घेऊन भाचीशेजारी जाऊन बसली. देवीपेक्षा तिचं लक्ष समोर जास्त होतं. इंजिन एकदा बंद केलं की पुन्हा चालू होताना छळतं, म्हणून लॉरीवाले ते तसंच धडधडत ठेवून चहाला जात. धुराचा लोट सरळ देवळीत शिरे. आणि भल्या सकाळी महाराज मूर्तीच्या चेहऱ्याला लोणी चोळत. 'आईचं लेपन!' सुमती दुपारीच चित्राला घेऊन उठली.

"उठलात? खोकला उलटेल!" महाराज ओरडले.

"उलटला तर माझ्यावर," सुमती म्हणाली.

चित्राला आता घरीच ठेवायचं ठरलं. पुढच्या सकाळी सुमती एक पांढरी चिनी मातीची बरणी घेऊन देवळीपाशी आली.

"हे काय आणलंत, बाई?"

"लोणच्याची बरणी. तिलाही आईजवळ बसू द्या."

लोक हसले, म्हणून महाराजांनाही हसावं लागलं. सुमतीनं बरणीला लोणी चोळलं आणि ती मूर्तीशेजारी ठेवली.

संध्याकाळी सरोजला घेऊन ती परत आली. तिनं ओल्या फडक्यानं बरणी पुसली. फडकं काळंकुट्ट!

"महाराज, बरणी कुणाचा खोकला प्यायली?"

महाराज अडखळले, पण बुडाले नाहीत. "आईचा अंश बरणीत उतरला!"

"बरं." सुमतीनं पिशवीतून दुसरी बरणी काढली. "ही आमच्या परसातली. हिलाही लोणी लावलंय. हिच्यासमोर आमची घरातली म्हातारी आई दिवसभर खोकलीय." तिनं ती दुसऱ्या, पांढऱ्या ओल्या फडक्यानं पुसली. फडकं पांढरंच राहिलं. "आमच्या परसात लॉरी येत नाही ना!"

तेवढ्यात समोरची एक लॉरी गुरगुरली आणि काळा ढग सगळ्यांच्या अंगावर आला. गर्दी खोकली. सरोज खोकली. सगळ्यांत मोठ्यानं महाराज खोकले.

"अहो, देवीसमोर बसून तुम्हीसुद्धा?" मागून एक आवाज आला, आणि हशा पिकला.

सरोज मात्र हसली नाही. तिनं सुमतीचा हात घट्ट धरला. "वन्सं, मी लेकराला धुरात बसवत होते हो."

"ती बरी व्हावी म्हणूनच बसवत होतीस. आता चल, डॉक्टरांकडे जाऊ."

दमा काही पळाला नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं. पण औषध पुन्हा सुरू झालं, बिछाना मागच्या खोलीत गेला आणि चित्रा शाळेत जाऊ लागली. महाराज दुसऱ्या गावी गेले. नौपाड्यातल्या बायकांनी लॉरीवाल्यांना गाठून इंजिन बंद ठेवायला विनवलं. काहींनी ऐकलं, काहींनी नुसतीच मान हलवली. त्यांच्याशी भांडण पुढंही चालूच राहिलं.

देवीला नमस्कार खुशाल करा, सुमतीही करायची. पण माणसाचा श्वास कोंडला तर आधी धूर कुठून येतो ते बघा. तो माणसांनीच सोडलेला असतो आणि माणसांनीच थांबवायचा असतो.