निळं पिंप, पांढरं पिंप

लोखंडी कढईत मेंदी आणि चहाचं पाणी कालवून ठेवलं की सकाळपर्यंत ती काळीकुट्ट होते. कालवणाऱ्या बाईची नखंही काळी होतात आणि आठवडाभर तशीच राहतात.

*

एक भुवई. तिचं बाहेरचं टोक गळून गेलं आहे. तिथे पेन्सिलीने रेघ ओढली आहे.

*

सिग्नल हिरवा झाला तरी बस हलेना. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. बसमध्ये बेचाळीस माणसं होती. चालवणारीचा डोळा लागला होता.

*

प्लास्टिकचं डोकं. नायलॉनचे केस, मिटलेले ओठ. पार्लरमधल्या शिकाऊ मुली त्याच्यावर कात्री चालवायला शिकतात. सगळ्याजणी त्याला "मावशी" म्हणतात.

*

आता हॉलमध्ये चला. पाय ठेवायला जागा नाही, तरी चला.

तीनशे डोकी, तीनशे टॉवेल. टॉवेलखाली घरून थापून आणलेला तपकिरी लेप. पुढे ओळीने पाच खुर्च्या, मान मागे टाकायच्या, प्रत्येक खुर्चीमागे पांढरंशुभ्र घमेलं. भिंतीशी दोन पिंपं, एक निळं, एक पांढरं. आणि मधोमध माइक धरून केशदादा.

"मूळ मेलेलं नाही, बायांनो! मूळ रुसलंय! कुणी रुसवलं त्याला?"

"गोळीनं!" हॉल ओरडला.

"तुम्ही गोळी गिळता. गोळीचं विष कुठे जातं? पोटात राहतं? नाही! ते चढतं! वर, वर, वर, आणि केसाच्या मुळाशी बसतं ठाण मांडून! मग केस राठ होणार नाही तर काय रेशीम होणार?"

एका बाईची मान घमेल्यावर टेकवली. लेप धुतला. घमेल्यातलं नितळ पाणी बघता बघता शाईसारखं काळं झालं. कुणी हात जोडले, कुणी रडायलाच लागलं.

मागच्या भिंतीला टेकून ताई हे पाहत होती. बावीस वर्षं लोकांच्या डोक्यात हात घालून पोट भरलेली बाई. केशदादाच्या कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटा म्हणजे टोप आहे, हे तिला दारातूनच कळलं होतं. टोप चांगला होता, शिवण सुबक. पण ती आली होती बहिणीसाठी.

सहा महिन्यांपूर्वी धाकटी केस कापायला बसली, तेव्हा ताईची कात्री हवेतच थांबली होती. केस काथ्यासारखे राठ, भांग रुंदावलेला, भुवईचं टोक गायब. वर उन्हाळ्यात अंगावर स्वेटर. "हे तेलाचं काम नाही," ताई म्हणाली, आणि दुकानात बाटल्यांनी भरलेलं कपाट असताना एकही बाटली न देता तिने धाकटीला डॉक्टरकडे पिटाळलं. रक्त तपासलं. थायरॉइड निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. "केसांना वेळ लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "महिने लागतील. घाई करू नका."

घाई करू नका म्हणणं सोपं असतं. धाकटी बस चालवायची. डेपोतला मेकॅनिक तिच्या विरळ केसांकडे बघून रोज विचारायचा, "काय मॅडम, हेल्मेट घालता की काय गाडीत?" एक दिवस सोबतची कंडक्टरीण धाकटीला या हॉलमध्ये घेऊन आली. पाणी काळं आलं. गोळी सुटली. पुढच्या वेळी पाणी फिकं आलं. झालं, सिद्धच झालं.

दीड महिन्याने बस त्या सिग्नलला उभी राहिली.

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ताई," धाकटी घोगऱ्या आवाजात म्हणाली होती. चेहरा सुजलेला, शब्द जड. "गोळी चालू होती तेव्हा काळं. सोडल्यावर फिकं. आता डोळेपण खोटे?"

"डोळे खरे आहेत गं. पाणी खोटं आहे."

"तुला पोटात दुखतंय. तुझ्या हातून झालं नाही ते त्याने केलं ना! एकदा येऊन बघ, मग बोल."

म्हणून ताई आली होती. आणि तिने दोन गोष्टी पाहिल्या. पाणी भरणाऱ्या पोरींची नखं काळी होती. ती नखं ताई रोज आपल्याच बोटांवर बघायची. आणि घमेलं भरण्याआधी प्रत्येकीला एक प्रश्न विचारला जात होता.

"गोळ्या चालू?"

"हो."

निळं पिंप.

"गोळ्या?"

"सोडल्या, दादांच्या कृपेने."

पांढरं पिंप.

त्या दिवशी ताई तशीच घरी गेली.

पुढच्या बैठकीला ती आली ती खांद्यावर मोठी पिशवी घेऊन. शेजारच्या खुर्चीत धाकटी आधीच बसली होती. तिने सांगून टाकलं होतं, "सोडल्या." तिचं घमेलं पांढऱ्या पिंपातून भरलं.

"तुमच्या गोळ्या?" पोरीने ताईला विचारलं.

"चालू आहेत. मूठभर."

निळं पिंप. घमेलं भरलं. ताई खुर्चीत बसलीच नाही. तिने पिशवीतून मावशी काढली, लेप थापलेल्या नायलॉनच्या केसांसकट, आणि घमेल्यात बुडवली.

पाणी काळं झालं. शाईसारखं.

"बघा हो!" ताईचा आवाज माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत गेला. "ही आमची मावशी. प्लास्टिकची आहे. हिला पोट नाही. हिने कुठली गोळी खाल्ली, दादा?"

कुणीतरी फिसकन हसलं. केशदादा म्हणाला, "बाई, श्रद्धेच्या जागी चेष्टा..."

"थांबा, अजून बरी व्हायचीय ती." ताईने मावशीला पुन्हा लेप फासला आणि धाकटीच्या घमेल्यात बुचकळलं. पाणी जेमतेम फिक्या चहासारखं झालं. "दोन मिनिटांत विष उतरलं! मावशीने गोळ्या कधी सोडल्या? मी तर पिंप बदललं फक्त!"

मग तिने थर्मास काढला, निळ्या पिंपातलं पाणी तांब्यात घेतलं आणि त्यात कोरा चहा ओतला. तांब्यातलं पाणी काळं झालं.

"चहालासुद्धा विष चढलं का? अहो, लेपात हिरडा आहे. निळ्या पिंपात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. तुरट वस्तू आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं. माझ्या कढईत रोज होतं. त्याला डोकं लागत नाही. केस तर नाहीतच नाहीत."

टोप हाताच्या अंतरावर होता. एक हिसका पुरला असता. ताईने हात मागे घेतला. टक्कल असणं हा काही गुन्हा नव्हे.

गुन्हा वेगळाच होता. तिसऱ्या रांगेत मधुमेहाच्या गोळ्या सोडलेले एक निवृत्त पोस्टमन बसले होते. त्यांच्या मागे एक आई, मुलीच्या फिटच्या गोळ्या बंद करून तिला मांडीवर घेऊन बसलेली. केस गळले म्हणून माणूस मरत नाही. या हॉलमध्ये माणसं मारायची तयारी चालली होती, तीही टाळ्यांच्या गजरात.

"कुणीही या," ताई म्हणाली. "वैद्य येऊ दे, बाबा येऊ दे, माझ्यासारखी पार्लरवाली येऊ दे. डॉक्टरांनी दिलेली गोळी सोड म्हणाला, तर आधी विचारा, पाणी कुठल्या पिंपातलं? आणि गोळीचं काय ते डॉक्टरांनाच विचारा. विचारायला काय जातं?"

सगळे काही उठले नाहीत. एक बाई म्हणाली, "मला मात्र गुण आलाय," आणि टॉवेल घट्ट करून बसली. केशदादा मागच्या दाराने कधी सटकला ते कळलंच नाही. ती आई मात्र मुलीला उचलून तडक दवाखान्याच्या वाटेला लागली होती.

धाकटी लेप थापलेल्या केसांनी खुर्चीतच होती. बराच वेळ दोन्ही घमेल्यांकडे पाहत राहिली.

"त्या दिवशी सिग्नलला," ती म्हणाली, "पुढे एक बाई रस्ता ओलांडत होती. गाडी गियरमध्ये असती तर?"

ताईने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"डेपोत फोन लाव. डॉक्टर सांगेपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही." मग तिने तळहात पुढे केला. "आण ती गोळी. असेलच तुझ्या पिशवीत."

"सकाळी. उपाशीपोटी. आधी डॉक्टरीणबाईंकडे."

धाकटी पहिल्यांदा या हॉलमध्ये आली, त्याच्या आदल्या दिवशी ताईने तिची वेणी घातली होती. कपाळाशी, केसांच्या कडेला, पेरभर उंचीचे नवे मऊ केस उगवले होते. वाढदिवसाला सांगून चकित करू, म्हणून ताई तेव्हा गप्प राहिली होती.