खाटेखालची झडप

सरकारी नोंद म्हणते: टॅपरांचं घर. सतरावं शतक. ओकची चौकट, वर गवताचं छप्पर. चुलीच्या भिंतीला लागून चक्री जिना, पायऱ्या अकरा. वरच्या खोलीच्या जमिनीत फळ्यांची झडप. संरक्षित वास्तू, फेरफार करता येणार नाही.

नोंद म्हणत नाही: जिना इतका चिंचोळा की शवपेटी त्यातून वळत नाही, म्हणून झडप. तीनशे वर्षं या घरातली माणसं शेवटची उतरली ती तिथूनच. सिरिल टॅपरची आईसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यानं झडपेवर नऊ खिळे ठोकले आणि खाट वर सरकवली. त्याला चोपन्न वर्षं झाली.

नोंद हेही म्हणत नाही की त्याच्या बायकोचं, मर्टलचं, खुब्याचं हाड मोडलंय आणि ती अकरा पायऱ्या आता चढणार नाही. जिन्याला यांत्रिक खुर्ची? फेरफार करता येणार नाही.

तीन आठवडे मर्टल खालच्या बैठकीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. काल तिनं अंडंसुद्धा परत पाठवलं.

"इथे काय वाईट आहे?" सिरिल म्हणाला. "शेगडी आहे, किटली आहे, मी आहे."

"मला माझी खोली हवी. माझी खिडकी."

"दिसतं काय त्या खिडकीतून? छपराची कड!"

"तुला दिसते कड." ती जरा थांबली. "झडप आहे की. उघडायला कुणाची परवानगी लागते?"

सिरिलचा कप हवेतच राहिला. "कसली झडप?"

"सिरिल, तुला खोटं बोलता येत नाही. या वयात शिकूही नकोस."

"ती जिवंत माणसासाठी नाही, मर्टल."

"हे झडपेला कुणी सांगितलंय?"

शनिवारी सकाळी मर्टलच्या निरोपावरून चर्चच्या घंटा वाजवणारी मंडळी आली. दोराचं काम गावात त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्यांची म्होरकी हेटी पॉम्फ्रेट. तिनं वर येऊन तुळईला कप्पी टांगली, खाट बाजूला ओढली आणि खाली जाऊन मर्टलला आरामखुर्चीत पट्ट्यांनी बांधलं.

वर सिरिल कटावणी घेऊन गुडघ्यांवर. आठ खिळे निघाले. नवव्यापाशी हात थांबला. आईला उतरवलं त्या दिवशी दोराचं एक टोक त्याच्या हातात होतं. आई एवढी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"सिरिल!" खालून हेटी ओरडली. "खिळे काढतोयस की त्यांची समजूत घालतोयस?"

आणि मग मर्टलचा आवाज, हळू: "मी इथंच आहे रे. काढ."

त्यानं काढला. झडप करकरली. खालचा उजेड वर आला.

"सावध..." हेटीनं घंटेच्या वेळची हाक दिली. "निघाली!"

चार जणांनी एका तालात ओढलं. आधी पांढरे केस आले, मग कपाळ, मग डोळे, जमिनीच्या बरोबर पातळीवर.

"अरे देवा," मर्टल म्हणाली. "केवढी ही धूळ!"

तिला खाटेवर बसवून मंडळी खाली केक खायला गेली. सिरिलनं झडप लावली आणि हातोडी घेतली.

"ठोकू नकोस. उद्या रविवारचं जेवण मी खाली टेबलावर बसून खाणार. हेटीला सांगितलंय, घंटा झाल्या की या."

त्यानं हातोडी खाली ठेवली आणि खाट जागेवर सरकवली.

"झडप तुझ्या कुशीखाली येते ना?" ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणालास, ही बाजू माझी, मला उकडतं. फटीतून एवढा गार वारा येतो, जानेवारीत लोकरी मोजे घालून झोपायचास तू. उकडत होतं?"

सिरिलनं हातोडी पायानं खाटेखाली सारली.

"आता मी झोपते तिकडे. तू इकडे ये."

"तिकडे गार लागेल तुला."

"मोजे दे तुझे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या बाजूला आडवा झाला. तिच्या उशीवरून छपराची कड दिसतच नव्हती. खिडकीतून थेट बाहेरची गल्ली दिसत होती, आणि गल्लीच्या टोकाला त्यांचं फाटक, जिथून तो रोज सकाळी सायकल ढकलत कामाला जायचा.

"फाटक दिसतं इथून," तो म्हणाला.

"हो," मर्टल म्हणाली, आणि मोजा वर ओढला.