शिवेवरचा गाडा

सन चौसष्टचा मे महिना. मुर्ध्याला खाडीकाठी आनंदी मासळीला मीठ लावत बसली होती. हात चालत होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. आठच दिवसांपूर्वी तिची सात वर्षांची सुलू पटकीने गेली होती. तेवढ्यात ढोल वाजला. देवीचा गाडा निघाला!

हा गाडा म्हणजे गावची रीत. पटकी आली की आजाऱ्यांचे, मेलेल्यांचे घाणीने भरलेले कपडे गाड्यात घालायचे, हळद-कुंकू वाहायचे आणि शिवेवरच्या तळ्यात बुडवायचे. झाला म्हणे रोग गावाबाहेर! आणि उन्हाळ्यात विहिरी मचूळ झाल्या की कोळीवाडा पाणी कुठले पिणार? त्याच तळ्याचे. धन्य ती अक्कल!

पंधरवड्यापूर्वी शेजारच्या दुर्गाच्या घरचे कपडे असेच बुडवले. आनंदीनेही भक्तिभावाने कुंकू वाहिले, दुसऱ्या दिवशी तिथूनच हंडा भरला आणि सुलूला स्वतःच्या हाताने पाणी पाजले. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई कानीकपाळी ओरडत होती, "कपडे उकळा, नाहीतर जाळा!" गावचे पंच लीलाधर पाटील तिच्या अंगावर धावून गेले, "देवीला शिकवतेस?" त्याच आठवड्यात पाटलांनी आपल्या अंगणातल्या गोड्या पाण्याच्या विहिरीला लोखंडी झाकण बसवून कुलूप घातले.

मासळी टाकून आनंदी गाड्यापाशी आली. आज त्यात सुलूचा फ्रॉक वरच पडला होता. नर्सबाईचे बोलणे आणि पाटलांचे कुलूप, दोन्हींचा अर्थ आनंदीला आता लागला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दांडा धरून गाडा उलटा फिरवला.

"आनंदी, येडी झालीस काय?" दुर्गा ओरडली.

"रोग धाडायचा हाय ना? मंग कुटं धाडायचा ते मी ठरवते!"

गाडा थेट पाटलांच्या अंगणात आला. मागून अख्खा कोळीवाडा. पाटलीणबाई पाणी शेंदत होत्या, झाकण उघडेच होते. आनंदीने कपड्यांचा बोळा उचलून विहिरीवर धरला.

"नको!" पाटील किंचाळले. "अगं, आमी सगली मरू!"



"ऐकलंत?" आनंदी लोकांकडे वळली. "देवीचं नाव बी न्हाय घेतलं यानं! लीलाधर, तुला ठावं व्हतं. माजी पोर मरंल, ते तुला ठावं व्हतं!"

पाटलांची नातवंडे ओट्यावरून बघत होती. केवळ त्यांच्याकडे पाहून तिने बोळा विहिरीत टाकला नाही, जमिनीवर आपटला.

"घासलेट आन. तुज्याच हातानं पेटव. आनि आजपासून या पान्याला कुलूप न्हाय."

पाटलांनी मदतीसाठी ढोलवाल्यांकडे पाहिले. कोणी हलले नाही. एकेक कपडा त्यांच्याच हातून आगीत गेला. शेवटी फ्रॉक उरला. पाटलांनी हात जोडले, "आनंदी, येवढा तू टाक गं."

"न्हाय. मी पानी पाजलं, ते मी मरंस्तोवर भोगीन. ह्यो तूच टाक."

पाटलांनी तो उचलून आगीत टाकला. आनंदीला त्यांची दया आली नाही. यावी असे, वाचकहो, मलाही वाटत नाही.