नाइन एमएम, एक, जमा

मी बोलतोय तो एका पारदर्शक पिशवीतून. पिशवीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नंबर आणि आजूबाजूला तोक्योतल्या एका पोलीस ठाण्यातलं लोखंडी कपाट. मी पिस्तूल आहे. म्हणजे, पिस्तुलासारखा आहे. हा फरक कोणाला तरी सांगावा म्हणून अकरा दिवस मी आतल्या आत ओरडतोय, पण मला तोंड आहे ते फक्त नळीचं आणि तेही बुजवलेलं.

जपानमध्ये साध्या माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही. म्हणून हौशी लोकांसाठी माझ्यासारखी धातूची मॉडेलं बनतात. सुटे भाग अगदी खऱ्यासारखे, पण नळी पोलादाने कायमची बंद आणि रंग पिवळा किंवा पांढराच. कायदाच आहे तसा. मी पिवळ्यातला सोनेरी जन्मलो. एका जुन्या, गाजलेल्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची मी नक्कल. उएनोतल्या एका दुकानात तीन वर्षं मी नवरदेवासारखा नटून बसलो होतो आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं.

मग एके दिवशी सारंग आणि त्याची बायको कादंबरी आले. सारंग मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर, तोक्योच्या ओजिमा भागात राहणारा. दुकानदार मोरी-सान यांनी काउंटरवर दोघांना ठेवलं, मला आणि माझ्या शेजाऱ्याला. शेजारी पंचेचाळीस कॅलिबरचा, मी नऊ मिलिमीटरचा. दोघांपुढे पितळेची एकेक खोटी गोळी. त्याची जाडजूड, माझी करंगळीएवढी.

"पंचेचाळीसच घ्या, सारंग-सान," मोरी-सान म्हणाले. "क्लासिक म्हटलं की हेच."

"अरे, जाडच घेऊ या ना," कादंबरी म्हणाली. "बाबांची बोटं थरथरतात. पकडायला बरं पडेल."

सारंगने दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ बघत राहिला. "नको गं. बाबांची सगळी सर्व्हिस नाइन एमएममध्ये गेली. ते मला विसरतील, पण कॅलिबर नाही विसरणार."

मला हसू आलं. ज्याच्या नळीतून टाचणीसुद्धा जायची नाही, त्याची निवड नळीच्या मापावरून चालली होती! तरी निवडलं गेल्याचा आनंद लपत नाही. निघताना मोरी-सान यांनी नियमांचा एक कागद हातात दिला आणि बजावलं, "रंग बदलू नका हं. काळा केलात तर हेच मॉडेल बेकायदा ठरतं."

सारंगचे वडील पंढरीनाथ, नातीचे आबा. फौजेत आर्मरर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. पिस्तुलं उघडायची, पुसायची, जोडायची, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. बायको गेल्यावर त्यांची आठवण विरत चालली, म्हणून सारंगने त्यांना खडकीहून इकडे आणलं. पण हात स्वस्थ बसेनात. त्यांनी राइस कुकर उघडला, नळ उघडला, नातीचं घड्याळ उघडलं. एकदा गॅसची बटणं काढून खिशात टाकली. त्या दिवशी कादंबरी स्वयंपाकघरात खाली बसून रडली होती. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काम हातात द्या. ते काम म्हणजे मी.

पहिल्या दिवशी आबांनी मला हातात घेतलं आणि गोळीवरून अंगठा फिरवला. "नाइन एमएम," ते म्हणाले. सारंगचा चेहरा उजळला. तेवढ्यात नातीने, आठ वर्षांच्या नेत्राने डोकावून पाहिलं. "आबा, ओमोच्या?"

ओमोच्या म्हणजे खेळणं. हा शब्द आबांना तिच्या पसाऱ्यामुळे पाठ झाला होता. त्यांनी माझा सोनेरी अंगरखा पाहिला आणि मला टेबलावर ठेवलं. "सरकारी हत्यार असं नसतं, सारंग. माझी थट्टा करता होय तुम्ही?" तीन दिवस त्यांनी मला शिवलं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा गॅसचं बटण गेलं.

सारंगने काळ्या रंगाचा स्प्रे आणला.

"अरे, मोरी-सान काय म्हणाले होते?" कादंबरीने विचारलं.

"घरातच तर राहणार आहे. घरात कोण बघतंय?"

बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्याने मला काळं केलं. मी मनात म्हणत होतो, अरे बाबा, नको. पण त्यानंतरच्या चार महिन्यांचं सुख मी कसं नाकारू? आबा रोज मला उघडत, तेलाचं फडकं फिरवत, जोडत. एकही भाग चुकत नसे. जो माणूस सुनेचं नाव विसरायचा, तो माझी एकही स्प्रिंग विसरत नव्हता. घरात हसू परत आलं.

संध्याकाळी पाचला वस्तीतल्या भोंग्यांवर एक संथ धून वाजते, मुलांनी घरी जावं म्हणून. आबांच्या लेखी ती कोत बंद व्हायची वेळ. कोत म्हणजे फौजेतलं शस्त्रागार. धून वाजली की ते मला कादंबरीपुढे धरत. ती वहीत सही करी, म्हणे, "जमा, बाबा." मग ते निवांत चहा घेत.

अकरा दिवसांपूर्वी कादंबरीची लोकल मध्येच थांबून राहिली. ती बाइतोवरून, म्हणजे अर्धवेळच्या कामावरून, परतत होती आणि वाटेत नेत्रालाही घ्यायचं होतं. धून वाजली. घरात सही करायला कोणी नाही. आबांनी दहा मिनिटं दाराकडे पाहिलं. वेळ झाल्यावर हत्यार कोताबाहेर ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी शर्टाची बटणं लावली, मला रुमालात गुंडाळलं आणि स्टेशनजवळच्या कोबानमध्ये, पोलीस चौकीत, ताठ चालत गेले. गणवेशातली माणसं त्यांनी तिथेच पाहिली होती.

मॅगझीन काढून, स्लाइड मागे ओढून, तोंड भिंतीकडे करून त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "नाइन एमएम, एक. मॅगझीन एक. खाली है. साइन करो."

दोन पोलीस झेपावले. एकाने आबांचं मनगट टेबलावर दाबून धरलं. अहो, सोडा त्यांना! नखाने खरवडा मला, खाली मी पिवळाच आहे! कोणाला ऐकू जाणार?

फोन मिळताच सारंग धावत आला, कमरेत वाकला तो उठेचना. "रंग मी लावला. वडिलांचा काही दोष नाही." व्हिसाची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. कादंबरी नेत्राला पोटाशी धरून दारात उभी. "पापा, आपल्याला जावं लागणार?" नेत्राने जपानीत विचारलं.

शेवटी पोलिसाने एक कागद पुढे केला. मी आता सारंगच्या मालकीचा नाही, असं त्यावर लिहिलेलं. सारंगने सही केली.

आबांनी ती सही पाहिली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "झालं जमा," ते पोलिसाला म्हणाले आणि कडक सॅल्यूट ठोकला. "सुबह छह बजे लेने आऊंगा."

तेव्हा सारंग रडला.

आता मी या कपाटात आहे. पाचची धून इथवर येते. त्या घराचं काय ठरलं, मला ठाऊक नाही. एक दिवस मला वितळवतील, त्याचं दुःख नाही. पण सकाळी सहा वाजले की मला वाटतं, आबा बटणं लावून त्या कोबानच्या दारात उभे असतील, दोन्ही तळवे पुढे करून.

कोणी ऐकत असाल तर एवढं करा. मी खरा नाही, हे साहेबांना सांगा, कचेरीत सांगा, व्हिसावाल्यांना सांगा. फक्त आबांना सांगू नका.