डॉक्टरांच्या खुर्चीतला माणूस

अंबरनाथ पूर्वेला डॉ. वैशंपायन स्मृती रुग्णालय उभं राहिलं, तेव्हा ट्रस्टने ठरवलं की खालच्या हॉलमध्ये वैद्यकशास्त्राचा इतिहास लावायचा. आपला नंबर लागेपर्यंत माणसाला दोन तास तरी बसावं लागतं. तेवढ्यात अडीच हजार वर्षं आरामात वाचून होतात.

इतिहास समितीत आम्ही चौघं. वैशंपायन डॉक्टर १९८६ साली वारले आणि आमच्यातला सगळ्यात जुना माणूस अंबरनाथला १९८८ साली राहायला आला. त्यामुळे समितीत मतभेद असे झालेच नाहीत. अध्यक्ष रामभाऊ, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. काम वेळेत झालं म्हणजे ते बरोबरच झालं, अशी त्यांची श्रद्धा. भिंतीवरचा मजकूर माझ्याकडे होता. चरक, सुश्रुत, ग्रीसचे हिपोक्रॅटिस, देवीची लस काढणारे जेन्नर, आनंदीबाई जोशी, पेनिसिलीनवाले फ्लेमिंग आणि फ्लेमिंगनंतर थेट अंबरनाथ पूर्व. मध्ये कुणाला घ्यायला भिंतच उरली नव्हती.

शेवटी डॉक्टरांचा अर्धपुतळा. पत्र्याच्या एका खोलीत दवाखाना काढून अठ्ठावीस वर्षं ज्यांनी गिरणीवाले, कारखानेवाले, आदिवासी पाड्यावरचे, सगळ्यांच्या नाड्या बघितल्या, त्यांचा. फोटो जुन्या दवाखान्याच्या माळ्यावर सापडला. लाकडी खुर्ची, समोर टेबल, खुर्चीत हसतमुख तरुण, कान जरा बाहेर आलेले, गळ्यात स्टेथोस्कोप. डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेला आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला माणूस डॉक्टर नसेल, अशी शंका यायला जरा वेगळं डोकं लागतं. ते समितीत कुणालाच नव्हतं, मीसुद्धा त्यात आलो.

"त्यांची मुलगी बदलापूरला असते ना? वृंदाताई. त्यांना दाखवू या एकदा," मी म्हणालो होतो. माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल.

"छे! त्यांना सरप्राइज," रामभाऊ म्हणाले.

पुतळ्याचं काम उल्हासनगरच्या दिपेशला दिलं. कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे असतात ते फायबरचे पुतळे बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

"साईं, चेहरा तो एकदम हीरो है," फोटो बघून तो म्हणाला.

"हीरो नको, डॉक्टर कर. वय वाढव. केस पिकव. चष्मा लाव."

दिपेशने सगळं केलं. फक्त हाताची सवय गेली नाही. डॉक्टर छाती पुढे काढून असे तयार झाले, की कोटाची किंमत विचारावीशी वाटत होती.

उद्घाटनाला आठ दिवस राहिले होते. बाह्यरुग्ण विभाग आधीच सुरू झालेला. एक म्हातारे गृहस्थ ब्लडप्रेशर तपासायला आले आणि पुतळ्यासमोर येऊन जे थांबले, ते हलेनातच. मी कौतुकाने जवळ गेलो. मग त्यांच्याकडे बघितलं. मग पुतळ्याकडे. चष्मा तोच, पिकलेले केस तेच, आणि कानांबद्दल तर बोलायलाच नको.

"हा मी आहे," ते म्हणाले.

"आपण?"

"सुदाम. डॉक्टरांचा कंपाउंडर." त्यांनी खालची पाटी बोटाने वाचली. "यात मी शहाऐंशी साली वारलोय."

रामभाऊंना बोलावून आणलं. रामभाऊ आले, दोघांकडे बघून फोरमनच्या आवाजात म्हणाले, "सुदामभाऊ, फोटोत तुम्ही त्यांच्या खुर्चीत काय करत होतात?"

"मी कंपाउंडरची परीक्षा पास झालो त्या दिवशीचा फोटो आहे तो. पासष्ट सालचा. माझा बाप गिरणीत झाडू मारायचा. आमच्या वस्तीतून परीक्षा पास झालेला मी पहिला. डॉक्टर उठले, गळ्यातली नळी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, सुदाम, आज तू बस. कॅमेरा त्यांचाच. सगळे फोटो तेच काढायचे." त्यांनी पुतळ्याकडे बघितलं. "दोन मिनिटं बसलो असेन. आयुष्यात तेवढाच. आणि तुम्ही मला कायमचा बसवलात. लोक काय म्हणतील? कंपाउंडर डॉक्टरच्या जागी जाऊन बसला."

"कोण म्हणतंय? कुणाला कळतंय?" रामभाऊ म्हणाले. "आणि पुतळा काही परत होत नाही."

"शिवाय मला नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. तिथला साहेब इथेच शुगर दाखवायला येतो."

हा मुद्दा बिनतोड होता. रामभाऊंनी भिंतीकडे हात केला. "हे बघा, चरकाचा फोटो कुणी काढला होता? सुश्रुताचा? कुणीतरी दाढी काढली, झाले सुश्रुत. इतिहासात एवढं चालतं."

"चरकाला बघितलेला कुणी जिवंत नाही, साहेब," सुदामभाऊ म्हणाले. "डॉक्टरांना बघितलेला मी आहे. मी असेपर्यंत त्यांच्या नावाखाली माझं तोंड नको. त्यांचं लावा."

सरप्राइज रद्द करून वृंदाताईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या. सत्तरीला टेकलेल्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. समितीतले आम्ही चौघं आपोआप ओळीत उभे राहिलो.

त्या पुतळ्यासमोर दोन क्षण उभ्या राहिल्या आणि तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. "सुदामकाका! अहो, तुम्हाला कुठे उभं केलंय यांनी?"

"हसतेस काय? डॉक्टरांचा एक फोटो दे यांना."

त्यांचं हसू थांबलं. "नाहीये हो काका. होते ते दोन अल्बम बदलापूरच्या घरी होते. २००५ च्या पुरात गेले. त्यातही आईचे, माझे, तुमचे, पेशंटचे. बाबा कॅमेऱ्याच्या मागेच असायचे."

सुदामभाऊंनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

"खुर्ची आहे," ते शेवटी म्हणाले.

"कुठली खुर्ची?"

"फोटोतली. दवाखाना बंद झाला तेव्हा भंगारात चालली होती. मी उचलून घरी नेली. कुणी बसत नाही तिच्यावर. मिलिंद लहानपणी एकदा चढला होता, त्याला अजून आठवत असेल."

मिलिंद म्हणजे त्यांचा मुलगा. वय पंचेचाळीस. दुसऱ्या दिवशी रिक्षात खुर्ची घालून तोच घेऊन आला आणि ठेवताना दोन्ही हातांनी ठेवली. आठवत असावं.

अशा रीतीने फ्लेमिंगच्या शेजारी डॉक्टर वैशंपायनांची रिकामी खुर्ची आली. पुतळा औषधांच्या खिडकीजवळ हलवला. तो काढून टाका असं सुदामभाऊ म्हणत होते, पण वृंदाताईंनी ऐकलं नाही. "बाबांनी बसवलं होतं तुम्हाला. मी उठवणार नाही." नवी पाटी झाली: सुदाम गायकवाड, कंपाउंडर, जन्म १९४२. पुढे थोडी जागा मोकळी.

"ती कशाला?" सुदामभाऊंनी विचारलं.

"तशी पद्धत असते," रामभाऊ म्हणाले.

"घाई नाही ना काही?"

पुतळ्यासमोर सुदामभाऊंनी स्वतः एक काचेची बाटली ठेवली, गुलाबी मिक्श्चरची. कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीला उभी चिकटवलेली. एका खाचेला एक डोस. हात थरथरतो, पण खाचा एकसारख्या होत्या.

उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या खुर्च्या पाहुण्यांनी आणि पाहुण्यांच्या माणसांनी भरल्या. तपासणीला आलेली वैष्णवी नावाची एक मुलगी, आठवा महिना, कमरेवर हात ठेवून जागा शोधत होती. शोधत शोधत ती डॉक्टरांच्या खुर्चीत बसली. शेजारी पाटी होती, 'कृपया बसू नये'. समोर भाषण चालू असताना रामभाऊ धावले.

"अहो ताई, उठा, उठा! ऐतिहासिक खुर्ची आहे ती!"

"बसू दे तिला," सुदामभाऊ मागून ओरडले. इतक्या जोरात, की वक्तेही क्षणभर खाली बसले. "डॉक्टर पोटुशीला हीच खुर्ची द्यायचे आणि स्वतः औषधाच्या खोक्यावर बसून तपासायचे. ती पाटी काढा आधी."

पाटी काढली.

तासाभराने वैष्णवीचा नंबर लागला, खुर्ची रिकामी झाली. पाहुणे अजून बसलेलेच. सुदामभाऊ भिंतीला टेकून उभे होते, सकाळपासून.

"काका, बसा," वृंदाताई म्हणाल्या.

"त्या खुर्चीत? नको गं."

"पेशंटला देत होते ना बाबा? ब्लडप्रेशरचा कागद कुणाच्या खिशात आहे?"

"माझ्या."

"मग? आणि बाबा काय म्हणाले होते?"

सुदामभाऊंनी खिशातला कागद चाचपला. मग खुर्चीचे दोन्ही हात धरून, पाणी किती खोल आहे ते बघत उतरावं, तसे बसले. सिस्टर पट्टा गुंडाळायला आली. वृंदाताईंनी मोबाइल वर केला. खुर्चीत सुदाम, कॅमेऱ्यामागे वैशंपायन. साठ वर्षांनी मांडणी तीच. याही फोटोत डॉक्टर नव्हते.

ब्लडप्रेशर एकशे सत्तर निघालं. सिस्टरने कागदावर लिहिलं नाही. म्हणाली, "बसा असेच शांत. थोड्या वेळाने परत बघू."