शिडीची टाच

टिल्ली आणि शिडी ही नावं त्यांना वर्गाने बहाल केली होती, आणि अशा बाबतीत वर्ग सहसा चुकत नाही. एकीला फळा पुसायला खुर्ची लागायची, दुसरी पंख्याला अडकलेला कागदी बाण नुसता हात वर करून काढायची. दोघी पहिलीपासून एका बाकावर. भांडायच्या, पण त्यांचं भांडण मधल्या सुट्टीपर्यंतही तग धरायचं नाही. हे भांडण मात्र आठवडा उलटला तरी जागचं हललं नव्हतं. आपण काय केलं हे टिल्लीला पक्कं ठाऊक होतं. का केलं, तिथे घोडं अडत होतं.

झालं होतं असं. शाळेच्या रिले संघात दोघी होत्या. त्यांच्या रिलेत बाकीच्या मुली मैदानाची अर्धी फेरी धावायच्या आणि शेवटची मुलगी अख्खी फेरी. शेवटची म्हणजे फीत तोडणारी, फोटोत मधोमध उभी राहणारी. ती शिडी होती, आणि तिच्या हातात बॅटन द्यायची टिल्लीने. एका संध्याकाळी बूट काढता काढता शिडी म्हणाली, "टाच फार दुखतेय गं. कुणाला सांगू नकोस हं." टिल्ली म्हणाली, "छे, मी कशाला सांगू?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट खेळाच्या सरांना जाऊन सांगून आली.

सरांनी शिडीची टाच दाबून पाहिली. शिडी ओरडली. सर म्हणाले, "अख्खी फेरी जमायची नाही तुला. अर्धी धाव. शेवटची टिल्ली."

त्या क्षणापासून शिडी टिल्लीशी एक अक्षर बोलली नाही. बाकावर दप्तर मधे ठेवून बसायला लागली. वर्गाने दोन तासांत निकाल लावला की टिल्लीला शेवटी धावायचं होतं म्हणून तिने चुगली केली. टिल्लीने गळ्याची शपथ घेतली, रडली, भांडली. पण सर "शेवटची टिल्ली" म्हणाले तेव्हा तिच्या पोटात काहीतरी टुणकन उडालं होतं, हे ती कुणाला सांगणार? ते आधीपासून तिथे दबा धरून बसलं होतं की तेव्हाच आलं? कितीही डोकं खाजवलं तरी तिला आठवेना.

शेवटी ती आईच्या दुकानात गेली. आईचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढंच. आई मशीनमध्ये कुणाचं तरी प्रमाणपत्र सरकवत होती.

"आई, मी वाईट आहे का?"

"थांब, हे आत गेलंय. आता मधे ओढलं तर चुरगळेल." कागद दुसऱ्या बाजूने गरमागरम बाहेर आल्यावर आईने मान वर केली. "हं, बोल."

टिल्लीने सगळं सांगितलं. आईने कडा कापता कापता ऐकलं.

"टाच खरंच दुखत होती ना? मग सांगितलंस ते बरं केलंस. पण खरं सांग, तुला शेवटी धावायचं होतं?"

"नाही."

आई कात्री चालवत राहिली.

"थोडंसं," टिल्ली म्हणाली.

"मग तेवढं सांग तिला जाऊन."

"थोडंसं म्हणजे किती, तेच मला कळत नाहीये गं!"

"मलाही कसं कळणार, राणी?" आई म्हणाली. आईलाही कळत नाही म्हटल्यावर टिल्लीचा धीरच सुटला.

सरावाच्या वेळी निराळाच घोळ झाला. आता बॅटन देणारी शिडी होती आणि घेणारी टिल्ली. घेणारीने मागे वळून बघायचं नसतं. मागून "घे!" अशी हाक आली की हात मागे करायचा, बस्स. पण अबोला म्हणजे अबोला, आणि शिडी तत्त्वाची पक्की. ती तोंड गच्च मिटून धावत आली. हाकेची वाट बघणारी टिल्ली हात खाली ठेवूनच पळत राहिली, आणि बॅटन दोघींच्या मधे मातीत पडली.

"तोंडात काय मिठाची गुळणी धरली आहे का?" सर कडाडले. "पुन्हा पडली तर दोघींना घरी बसवीन!"

संघातून गेलो तर शिडी जन्मात आपल्याकडे बघणार नाही, एवढं टिल्लीला नक्की कळलं. म्हणून दुसऱ्या खेपेला तिने हाकेची वाटच बघितली नाही. शिडी खुणेपाशी आल्याबरोबर ती हात मागे ताणून धावत सुटली. हात तसाच लटकलेला, अंग वाकडं, पाय एकमेकांत अडकलेले. संघातल्या बाकीच्या दोघी हसून हसून खाली बसल्या.

"अगं गाढवे, आधीच काय हात काढतेस!" मागून शिडी खच्चून ओरडली. "आता! घे!"

बॅटन हातात बसली. टिल्लीने अख्खी फेरी मारली आणि ती मारताना एकच विचार करत होती की गाढव म्हणणं हे बोलण्यात धरायचं की नाही.

फेरी संपवून ती आली तेव्हा शिडी कुंपणाच्या भिंतीला टेकून बसली होती. टिल्ली धापा टाकत समोर उभी राहिली.

"मला शेवटी धावायचं होतं," ती म्हणाली. "थोडंसं. पण तुझी टाचही खरंच... त्यातलं आधी काय मनात आलं ते मला माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही."

शिडीने बुटाची नाडी ओढून सोडली.

"शेवटचा नंबर गेला त्याचं मला एवढं काही नाही," ती म्हणाली. "पण मला काही झालं तर मी तुला सांगते. आता कुणाला सांगू?"

मला, असं टिल्लीच्या अगदी ओठांवर आलं. पण ते म्हणायचा हक्क आपल्याला उरला आहे का, हे तिला समजेना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

शिडीने बूट काढला. टाच लालबुंद झाली होती. "आज फार दुखतेय," ती मातीकडे बघत पुटपुटली. जवळ टिल्लीशिवाय कुणी नव्हतं.

तेवढ्यात सर शिट्टी फिरवत आले. मागच्या वेळी तिनेच सांगितलं होतं म्हणून त्यांनी टिल्लीकडेच बघितलं. "काय गं, हिची टाच कशी आहे?"

टिल्लीने एकदा त्या टाचेकडे पाहिलं, एकदा शिडीकडे. गप्प राहिलं तरी चूक, बोललं तरी चूक.

"तिलाच विचारा, सर," ती म्हणाली.

शिडीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग सरांकडे वळून म्हणाली, "दुखतेय सर. खूप दुखतेय. बहुतेक मला धावता येणार नाही." आणि हे बोलता बोलता तिने टिल्लीचा हात असा काही घट्ट धरला की टिल्लीची बोटं कळवळली. तिने हात सोडवून घेतला नाही.